लाभ, दोन, तीन

मिरचीच्या मोसमात कीबोर्डवर प्लास्टिक चढवून ठेवते पोट्टी.
पारडीची आहे, प्रणोती नाव, बावीस वर्साची.
मी एकतीस वर्सं कळमन्यात मापारी.
दुपारी लिलाव थांबला का
हमाल पोत्यावर आडवे होतात
अन् ती मले खुर्चीत बसवते. म्हने,
काका, आधी बोटं धुऊन या.

पहिल्या दिवशी म्हने, हा माऊस.
म्या म्हटलं, बाई,
याच्याच जातीनं गेल्या साली
तुरीचे अकरा पोते फोडले.
हा खात नाई, म्हने,
याच्या पोटात नुसता लाल दिवा आहे.
उलटा करून पायला. होता.

विंडो म्हंजे खिडकी.
अडत्याच्या या खोलीले खिडकी नाई,
कूलरचं भोक तेवढं आहे.
अन् काचेत तिनं एकावर एक पाच खिडक्या उघडल्या.
एकीतूनही वारा आला नाई.

डेस्कटॉप म्हंजे सकाळचं झाडलेलं यार्ड,
काय कुठं ठेवलं ते दिसते.
फाईल म्हंजे कागद. फोल्डर म्हंजे कागदाचं पोतं,
त्यात अजून पोतं, त्यात अजून.
शिवायले सुतळी लागत नाई.

सेव्ह तिनं तीनदा सांगितलं.
लिहिलं म्हंजे राहिलं, असं नाई काका,
लाईट गेली का नुसतं लिहिलेलं जाते.
हे मले लवकर समजलं.
तोंडी सौदे म्या कमी नाई पायले.

हँग म्हंजे काय, ते सांगा नाई लागलं.
उरकुडा हमाल असाच उभा राहाते कधी,
पोतं पाठीवर, पाय ना पुढं ना मागं.
दोन मिनिटं हात लावू नका, म्हने.
उरकुड्याचंही आमी तेच करतो.

पासवर्ड कोनालेच सांगायचा नसते.
म्या घरी गेल्या गेल्या बायकोले सांगितला.

अन् अन्डू.
झालेलं मागं घ्यायचं बटन.
ते पाहून मी बराच वेळ गप बसलो.
किती मागं जाते, म्हटलं.
फाईल बंद करेपर्यंतचंच, म्हने,
अन् चहा सांगायले बाहेर गेली.

आठव्या दिवशी खाने आले. आडवे, उभे.
नवा काटा वजन आपलं आपनच बोलते,
तवा मापाऱ्यानं आता पोते मोजून भरायचे, असं ठरलं.
पहिल्या खान्यात म्या एकेक अक्षर शोधून लिहिलं,
लाभ.
खाना लाल झाला.
अवैध नोंद. कृपया अंक भरा.

माह्या तोंडून एक निघत नाई.
बापानं यार्डात उभं करून शिकवलं होतं,
पहिल्या मापाले एक नाई म्हनायचं,
लाभ म्हनायचं. मंग दोन, मंग तीन.
किती गाड्या म्या लाभापासून मोजल्या असतील.
तो झाला कोनाले, ते इचारू नका.

प्रणोती हसली नाई.
हा खाना शब्द घेत नाई काका, म्हने,
जसं काही तिच्याच घरची चूक होती.
म्या एक दाबला.
बेरीज बरोबर आली.
जेवन गेलं नाई त्या दिवशी, पन ते वांग्याच्या भाजीमुळंही असंल.

काल भिवापूरची मिरची उतरली, दोन ट्रक.
उन्हात खोलीपर्यंत येनं-जानं कोन करन,
म्हनून तीच मशीन घेऊन बाहेर आली,
मांडीवर ठेवून पोत्यावर बसली, तोंडाले ओढनी.
मी वरडतो, ती दाबते.
लाभ, म्हटलं म्या सवयीनं,
अन् जीभ चावली.
तिकडं बटन वाजलं.
खाना लाल नाई झाला.
तिनं मान वर केली नाई, नुसतं म्हने, पुढं.

दोन. तीन. चार.
सतराव्या पोत्याले दोघांलेही शिंक आली,
मंग उरकुड्याले आली,
मंग मोजनीच गेली.
प्रणोती म्हने, पुसू का सगळं?
म्हटलं, पूस.

लाभ.